मुलांच्या मनाचं दुखणं आणि गावचा दवाखाना

मनाने खचलेलं शाळकरी मूल आमच्यापुढे येऊन काय सांगतं? "मला उदास वाटतंय" असं जवळजवळ कुणीच म्हणत नाही. पोट दुखतं, डोकं दुखतं, चक्कर येते, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, जेवण जात नाही, असं सांगतं. सोबतची आई म्हणते, "लय चिडचिड करतोय." आजोबा म्हणतात, "अभ्यासात ध्यान न्हाई." सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळच्या ओपीडीला अशी मुलं असतातच, आणि बहुतेक जण जंताची गोळी, ॲसिडिटीचं औषध नाहीतर टॉनिकची बाटली घेऊन घरी जातात. गोळी चुकीची असते असं नाही. पण दुखणं जिथे आहे तिथे कुणी हात लावलेला नसतो.

मी अशाच एका केंद्रात डॉक्टर आहे. मानसोपचारतज्ज्ञ नाही. मुलांच्या मनाच्या तक्रारींसाठी गावच्या पातळीवर काय करता येतं, काय करू नये आणि पुढे कुठे जायचं, हे आईवडिलांना, शिक्षकांना आणि आमच्याच आरोग्य कर्मचाऱ्यांना सरळ सांगावं म्हणून हे लिहिते आहे. मुलाला पहिल्यांदा जो डॉक्टर, जी सिस्टर किंवा जी आशाताई भेटते, तिने नीट ऐकून घेतलं आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा बोलावलं, तर कितीतरी काम गावातच होतं, हे मी रोज पाहते.

किती मुलांचा प्रश्न आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांपैकी एकाला मनाचा काही ना काही आजार असतो. मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे अठराव्या वर्षाच्या आतच सुरू झालेले असतात. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमधलं प्रमाण ७.३ टक्के आलं. या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, पण अंदाज बांधायला आकडा उपयोगी आहे.

आता हा आकडा गावावर लावून बघा. सपाटीवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे साधारण ३० हजार लोकवस्ती असावी असा निकष आहे, पाटण-जावळीसारख्या डोंगरी भागात २० हजार. ३० हजारांत १३ ते १७ वयाची मुलं ढोबळमानाने अडीच हजार धरली, तर त्यांतल्या पावणेदोनशेच्या आसपास मुलांना मदत हवी आहे. एका केंद्राच्या हद्दीत! ती सगळी शाळेत जातात, एसटीने फिरतात, यात्रेत पाळण्यात बसतात. बघून कळत नाही.

आणि तज्ज्ञ कुठे आहेत? राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खास मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ फार थोडे, तेही बहुतेक पुण्या-मुंबईत. म्हसवडच्या बाईला पोराला घेऊन साताऱ्याला सिव्हिलला यायचं म्हटलं तर जाऊन-येऊन दिवस मोडतो, रोजगार बुडतो, आणि गावात विचारतात, "कशाला गेलतीस?" म्हणून पहिला टप्पा घराजवळच हवा.

ही कल्पना नवी नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. साध्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवून मानसिक आजारांवर उपचार होतात, हे कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात करून पाहिलं गेलं आणि त्याच धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. किशोरवयीनांसाठीचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ चा. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे गावच्या उपकेंद्रात आणि आरोग्य केंद्रात, जे उपचार मिळायला हवेत त्यांत मानसिक आरोग्यही आहे. कागदावर वाट आखलेली आहे. ती वापरात आणायची आहे.

रविवारी दुखतं का?

एक उदाहरण जवळून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

जावळीच्या खोऱ्यातली सातवीतली मुलगी. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार, आई आणि धाकटा भाऊ त्यांच्याजवळ, ही गावात आजीपाशी. आमच्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत. आजी म्हणाली, "सकाळी शाळंच्या टायमालाच पोट धरून बसती. येक चांगली गोळी द्या बगा."

पोट मऊ होतं. ताप नाही, लघवीचा त्रास नाही. पापणी ओढून पाहिली तर फिकट, हिमोग्लोबिन कमी निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त कमी असलं की मूल थकतं, चिडतं, लक्ष लागत नाही, त्यामुळे हे आधी बघायचंच. मनाचं असेल म्हणून अंगाची तपासणी टाळायची नाही, आणि अंगात काही सापडलं म्हणून मनाचं विचारायचं सोडायचं नाही.

मग आजीला विचारलं, "रविवारी दुखतं का?"

आजी जरा थांबली. "न्हाई की वो. रविवारी तर कैऱ्या पाडत हिंडती."

"आजी, तुम्ही जरा बाहेर बाकड्यावर बसता का? पोरीला नीट तपासते." सिस्टर आतच थांबल्या. मुलगी बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत राहिली. "दिवसभरात सगळ्यात अवघड वेळ कुठली जाते?" असं विचारल्यावर म्हणाली, "इंग्रजीचा तास. पहिलाच असतो. उभं राहून वाचायला लावतात." मुलं हसतात. मागच्या बाकावरून कुणीतरी तिच्यासारखं अडखळून दाखवतं.

भिंतीवर क्षयरोगाचं पोस्टर होतं. "हे वाचून दाखवतेस का? चुकलं तरी चालेल." 'खोकला' नीट वाचलं. 'क्षयरोग'ला अडली, 'आठवड्यांपेक्षा' तीनदा सुरू केलं आणि सोडून दिलं. मराठीसुद्धा. डोळे तपासले, नजर चांगली. कानही चांगले. गोष्ट तोंडी सांगितली तर तिला सगळी समजत होती, हिशेब तोंडी बरोबर करत होती. वाचनाचीच अडचण होती, आणि ती पहिलीपासून असणार. अध्ययन अक्षमतेची, म्हणजे समज चांगली असूनही लिहिणं-वाचणं जड जाण्याची, दाट शंका.

तिने हे घरी का सांगितलं नव्हतं? "शाळा बंद करतील. मुंबईला भावाला सांभाळायला नेतील."

हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलं गप्प बसतात ती बहुतेक वेळा सांगितल्यावर काय होईल याचा हिशेब करून. मुलींना शाळा सुटण्याची भीती असते, मुलांना वडिलांच्या माराची किंवा "पोरगं बुळं निघालं" असं ऐकायची. म्हणून विचारताना आधी ही भीती कमी करावी लागते.

तिच्या संमतीने आजीशी बोललो, मुख्याध्यापकांना चिठ्ठी दिली: वर्गात उभं करून वाचायला लावू नका, तोंडी उत्तरं घ्या, पुढच्या बाकावर बसवा. आठवड्याने परत बोलावलं, मग पंधरा दिवसांनी. तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. पोटदुखी पूर्ण गेली नाही, पण शाळा चुकवणं थांबलं. अध्ययन अक्षमता ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे. अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. हे दहावीच्या जानेवारीत कळून उपयोग नाही. सहावी-सातवीत कळलं तर मूल वाचतं.

मुलाशी एकट्याने बोलणं

दहा वर्षांवरच्या मुलाला डॉक्टरने पाच मिनिटं तरी एकट्याने भेटावं. गर्दीच्या ओपीडीत हे अवघड आहे, मला माहीत आहे. पण सगळ्यांना भेटायचं नसतंच. ज्या मुलाची तक्रार पुन्हापुन्हा येते, शाळा बुडते, वजन उतरतं, त्याला भेटायचं. डॉक्टरला वेळ नसेल तर समुदाय आरोग्य अधिकारी किंवा सिस्टरनी. आईवडिलांनी याचा राग मानू नये. तुमच्यापासून काही लपवायचं म्हणून तुम्हाला बाहेर बसवत नाहीत. वयात येणाऱ्या मुलाला आईसमोर बोलता येत नाही, एवढंच.

विचारायचं कसं, याची जगभर वापरली जाणारी एक साधी वहिवाट आहे: सोप्याकडून अवघडाकडे जायचं. आधी घर: घरात कोण कोण, कुणाशी जमतं, भांडण झालं की काय होतं. मग शाळा, शिक्षक, मार्क. जेवण, झोप. मित्र, खेळ, मोबाइलवर रात्री किती वाजेपर्यंत. मग मावा, तंबाखू, दारू, आणि तेही "तू खातोस का" असं अंगावर न जाता, "तुमच्या वर्गात मुलं मावा खातात का? तुला कधी कुणी दिला?" असं. मग प्रेम, शरीर, कुणी नकोसा स्पर्श केला का. शेवटी मन: गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास वाटलं का, आवडत्या गोष्टीतही रस राहिला नाही असं झालं का. या शेवटच्या दोन प्रश्नांपैकी एकालाही "हो" आलं, तर पुढचं सविस्तर विचारायचं.

एक मात्र सुरुवातीलाच सांगून टाकायचं. "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन मुलाला कधीही द्यायचं नाही, कारण ते पाळता येईलच असं नाही. मी असं म्हणते: "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा तुझ्याशी कुणी वाईट वागत असेल, तर मला दुसऱ्यांची मदत घ्यावी लागेल. ती घ्यायच्या आधी तुला सांगेन." २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. डॉक्टरलाही, शिक्षकालाही, शेजाऱ्यालाही. मुलाला हे आधीच माहीत असेल तर नंतर फसवलं गेल्यासारखं वाटत नाही.

लहान मुलांत उदासी रडण्यातून कमी आणि चिडण्यातून जास्त दिसते, हेही लक्षात ठेवावं. ज्या मुलाला "उद्धट झालाय" म्हणून आणलेलं असतं ते कितीदा तरी आतून खचलेलं असतं. भीतीचा आजार असलेलं मूल शहाणं, गप्प, वेळेवर गृहपाठ करणारं असू शकतं. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

औषधाशिवाय होणारे उपचार

सौम्य आणि मध्यम त्रासात गोळीच्या आधी करायच्या गोष्टी आहेत आणि त्या गावात होतात.

पहिली म्हणजे आजार समजावून सांगणं. "पोट खरंच दुखतं. ती नाटक करत नाही. भीती वाटली की पोटातल्या नसा आवळतात." एवढं आजीला कळलं की पोरीवरचा निम्मा भार उतरतो. दुसरी, झोप: ठरलेली वेळ, मोबाइल रात्री घरातल्या एकाच जागी चार्जिंगला, आणि हा नियम मोठ्यांनाही. घरातले सगळे रील बघत असताना एकट्या पोराचा मोबाइल काढून घेतला तर त्यातून फक्त भांडण निघतं.

उदास मुलाला "मन लाव, बरं वाटेल" असं सांगून उपयोग होत नाही. मन लागतच नाही, हाच तर आजार. इथे उलट्या बाजूने जावं लागतं. विहिरीवरची मोटार पाणी धरत नसेल तर आधी वरून तिच्यात पाणी भरावं लागतं, मग ती ओढायला लागते. तसंच आधी छोटं काहीतरी करायचं, इच्छा मागून येते. रोज संध्याकाळी मित्राबरोबर अर्धा तास चालणं, गोठ्यातलं एक काम, कबड्डीच्या मैदानावर नुसतं जाऊन बसणं. मुलानेच निवडायचं, वहीत लिहायचं, पुढच्या भेटीत दाखवायचं. साधं दिसतं, पण ही पद्धत अभ्यासांत तपासलेली आहे आणि चालते.

शाळेत जायला घाबरणाऱ्या मुलाला महिनाभर घरी ठेवणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय. जितके दिवस घरी, तितकी परतीची भीती मोठी. फरफटत नेऊनही चालत नाही. पायरी-पायरीने: आज गणवेश घालून फाटकापर्यंत, दोन दिवसांनी दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. शिक्षकांना आधी सांगून ठेवायचं, म्हणजे फाटकावर कुणी "आलास का रे नवाब?" म्हणणार नाही.

आणि अडचण सोडवायला शिकवणं. मूल म्हणतं, "सगळंच वाईट चाललंय." त्यातली एक अडचण निवडायला लावायची, त्यावर सुचतील तेवढे उपाय, अगदी वेडेसुद्धा, लिहायला लावायचे, एक निवडून आठवडाभर करून बघायचा. दहावीतल्या एका मुलाची अडचण नापास होण्याची नव्हती, वडील रात्री दारू पिऊन घरात आरडाओरडा करतात त्यात अभ्यास होत नाही ही होती. त्याने निवडलेला उपाय होता चुलत्याच्या घरी झोपायला जाणं. वडिलांच्या दारूचा प्रश्न वेगळा हाताळावा लागला. त्या बाबतीत साताऱ्याचं नशीब बरं, कारण डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली परिवर्तन संस्था इथे व्यसनमुक्तीचं आणि मानसिक आरोग्याचं काम करते.

हे सगळं करायला पदवी लागतेच असं नाही. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांमध्ये एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मुलांच्या आरोग्याचा एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी राबवला, काहींत बाहेरून आलेल्या, थोडं प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत उदासी आणि दादागिरी कमी झाली, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकांनी राबवला तिथे फारसा फरक पडला नाही. शिक्षक वाईट म्हणून नव्हे. ज्याच्या हातात मार्क आहेत त्याच्याजवळ मूल मन मोकळं करत नाही, आणि शिक्षकांवर आधीच दहा कामं असतात, असं मला वाटतं. म्हणून "शाळेतच एखाद्या शिक्षकाला समुपदेशक करा" या सोप्या सूचनेवर माझा फार विश्वास नाही.

स्वतःच्या जिवावर उठलेलं मूल

याबद्दल सविस्तर लिहिणार आहे, कारण इथे उशीर चालत नाही.

थेट विचारायचं. "इतकं नकोसं झालं की जगूच नये असं कधी वाटतं का?" असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. अभ्यासांनी ती खोटी ठरवली आहे. उलट बहुतेक मुलांना कुणीतरी विचारलं याने हायसं वाटतं. "हो" म्हटलं तर पुढे: कधीपासून, कसं करायचं ठरवलंय का, काही जवळ आणून ठेवलंय का, आधी कधी प्रयत्न केला होता का. ठरवलेलं असेल किंवा आधी प्रयत्न झालेला असेल, तर मुलाला क्षणभर एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

घरी करायची सगळ्यात परिणामकारक गोष्ट म्हणजे कुलूप. फवारणीची औषधं, उंदराचं औषध, आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या एका पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे. लहान मुलांचे असे प्रयत्न पुष्कळदा रागाच्या, अपमानाच्या तासाभरात होतात. तो तास हाताशी काही न मिळता गेला तर मूल वाचतं. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ ते २०१५ या काळात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. लोकांची दुःखं तेवढ्या प्रमाणात कमी झाली नव्हती; विष हाताशी नव्हतं. शेतकरी घरांत मी ही पेटीची गोष्ट प्रत्येक वेळी सांगते, दहावी-बारावीच्या निकालाच्या आधी तर हमखास.

कुणी काही प्यायलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका. काही विषं वर येताना जास्त इजा करतात, श्वासनलिकेत जातात. १०८ ला फोन, बाटली किंवा पाकीट बरोबर, आणि थेट रुग्णालय. पोलीस केस होईल म्हणून लपवून ठेवणारी घरं आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून तर आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलमच गेलं. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण म्हणून मुलावर गुन्हा दाखल होत नाही. या भीतीपायी तास घालवू नका.

गोळ्यांबद्दल

मुलांना नैराश्यासाठी किंवा भीतीसाठी गोळी देण्यात प्राथमिक डॉक्टरने हात आखडता घ्यावा. बारा वर्षांखालच्या मुलाला नैराश्याची गोळी आम्ही सुरू करत नाही; तो निर्णय तज्ज्ञाचा. त्याहून मोठ्या मुलात, समुपदेशनाने फरक पडत नसेल तेव्हा, सहसा फ्लुओक्सेटिन हे औषध तज्ज्ञाच्या सल्ल्याने दिलं जातं. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यांत काही मुलांमध्ये बेचैनी आणि जीव द्यायचे विचार वाढू शकतात, म्हणून या काळात दर आठवड्याला भेट हवी आणि गोळ्या मोठ्यांच्या ताब्यात. या गोळ्यांची सवय लागते, ही भीती लोकांत खूप आहे. दारू-तंबाखूसारखी सवय यांची लागत नाही. पण मनाने एकदम बंद केल्या तर त्रास होतो, कमी करायच्या त्या डॉक्टरच्या सांगण्यावरून हळूहळू. झोपेच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी, त्यांची सवय लागते. मुलाला मेडिकलमधून आणून त्या कधीही देऊ नका.

लगेच पुढे कधी पाठवायचं? जिवाला धोका, कुणी नसताना कानात बोलण्याचे आवाज येणं, लोक मागे लागलेत असं ठामपणे वाटणं, दिवसेंदिवस झोप न घेता सुसाट बोलणं-फिरणं, खाणंच सोडल्याने वजन झपाट्याने उतरणं, झटके येणं, आणि महिना-दीड महिना सगळं करूनही फरक न पडणं. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हा पुढचा टप्पा. लहान बाळ नावाने हाक मारली तरी बघत नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोट दाखवून काही मागत नाही, शिकलेले शब्द विसरलं, तर वाट बघू नका, "त्याचा बाबाही उशिरा बोलला" म्हणून सोडू नका. अंगणवाडीत आणि शाळेत तपासायला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक याचसाठी आहे; त्यांना स्वतःहून सांगा.

देवऋषी आणि दवाखाना

आमच्याकडे येणारी बरीच कुटुंबं आधी देवऋषाकडे जाऊन आलेली असतात. "बाहेरचं कायतरी असंल." मी त्यांना हिणवत नाही. पोराच्या काळजीनेच गेलेले असतात. अंगारा लावा, नवस करा, पण मुलाला मारणं, चटके, कोंडणं, उपाशी ठेवणं आणि औषध बंद करायला लावणं यातलं काहीही होऊ देऊ नका, एवढं स्पष्ट सांगते. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कायद्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं ते दाभोलकर याच सातारचे.

जायचं कसं?

केसपेपर काढताना कारण मोठ्याने सांगायची गरज नाही. "मुलाला तपासायचंय" एवढं पुरे. आत गेल्यावर सांगा की बोलायला थोडा वेळ हवा आहे. गर्दी असेल तर ओपीडी संपायच्या वेळी या, किंवा दुपारी कधी यायचं ते विचारून घ्या. बरोबर तीन गोष्टी आणा: त्रास कधीपासून आणि कुठल्या वारी-वेळी जास्त होतो याची साधी नोंद, आधीच्या औषधांची पाकिटं, आणि शाळेच्या हजेरीचा अंदाज. शाळेची वही आणलीत तर फार उत्तम. मागच्या पानांवर मुलं कधीकधी जे लिहितात ते तोंडाने सांगत नाहीत. पण ती मुलाला विचारून आणा. किशोरवयीन मुलामुलींसाठीचं मैत्री क्लिनिक तुमच्या भागात कुठे आणि कुठल्या दिवशी असतं, ते आशाताईंना विचारा. तिथे मूल एकटंही जाऊ शकतं.

दवाखाना बंद असेल, रात्र असेल, किंवा गावात कुणाला कळू द्यायचं नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या तक्रारींसाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलता येतं. फोन मूल स्वतः करू शकतं, आई करू शकते, शिक्षक करू शकतात. मूल समोर नसलं तरी चालतं. मुलाला मारहाण किंवा अत्याचार होत असेल तर १०९८, मुलांसाठीची मदतवाहिनी. हे दोन्ही नंबर शाळेच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, आणि पुसले गेले की परत लिहा.